दिवेलागणीची झोप

३ जुलै

रिटायर झालो तेव्हा कंपनीने शाल, नारळ आणि ही डायरी दिली. शाल पेटीत आहे, नारळाची चटणी झाली, डायरी कोरीच राहिली. तिच्यातले वार गेल्या सालचे आहेत, त्यामुळे खोडून लिहावं लागतं. धाटावच्या कारखान्यात बॉयलरवर होतो तेव्हा दर तासाला लॉगबुक भरायचो. वाफ किती, पाणी किती, काय बिघडलं, काय केलं. रिटायर झाल्यापासून लिहावं असं काही घडलंच नाही. आज घडलं.

चंद्रा आली आणि पुतळीला ठेवून गेली. चंद्रा माझी एकुलती मुलगी, पेणजवळ हमरापूरला दिली आहे. तिच्या सासरी गणपतीचा कारखाना आहे. सासू सीताबाई आणि गडी साचे भरतात, जावई जगन रंगाचा फवारा मारतो, आणि डोळ्यांची आखणी चंद्राच्या हातात. तिच्यासारखे डोळे त्या गावात कुणाला जमत नाहीत. हे बाप म्हणून सांगत नाही, मुंबईचे व्यापारी म्हणतात. पुतळी तिची मुलगी, अडीच वर्षांची. पाळण्यातलं नाव वेगळं आहे, ते शाळेत कामाला येईल. मागच्या हंगामात ती झोळीत टाकली की राहायची, यंदा पळते. परवा तिने एका गणपतीचा ओला मुकुट चाटला आणि दुसऱ्याचा हात मोडून आणून आजीला दिला.

"गणपती होईस्तोवर ठेवा बाबा," चंद्रा म्हणाली. "नाय जमलं तर सांगा. खांब गावाला नणंद हाय, ती ठेवील."

नणंदेला स्वतःची चार आहेत, पाचवं त्यात सहज खपून जाईल. आणि पोर एकदा खांबला रुळली की पुढच्या हंगामाला माझं नि रोह्याचं नाव कोण घेणार? मी म्हटलं, आख्खा जन्म बॉयलर सांभाळला, ही वीतभर पोर सांभाळता येत नाही होय?

घरात आज आवाज आहे. बरं वाटतं.

५ जुलै

दोन दिवस गुणाची होती. आज मात्र स्टेशनवरून येताना रस्त्यात बसली. बसली म्हणजे कशी, तर पाय सोडून, चिखलात. कारण काय, तर मी केळं सोलून दिलं. तिला न सोललेलं हवं होतं. दुसरं घेऊन दिलं तर तेही नको, तेच पहिलं सोललेलं परत मिटवून हवं. केळं मिटवायचं कसं ते मला येत नाही.

रडताना तिचा श्वास कोंडतो आणि ओठ निळे पडतात. मी घाबरलो. उचलली तर धनुष्यासारखी उलटी झाली. घरी येईपर्यंत माझा शर्ट फाटला होता. आली तशी दाराशीच रडत झोपली, जेवली नाही.

मला संध्याकाळी स्टेशनवर जायची सवय आहे. दिवेलागणीच्या सुमाराला घरात हवा कोंडल्यासारखी होते, बसवत नाही. तिथे बाकावर बसतो, दिवा जंक्शनची गाडी येते ती बघतो, माणसं उतरतात, पांगतात, मग घरी येऊन ट्यूब लावतो आणि भात टाकतो. आता ती बरोबर असते. तिला गाडी फार आवडते. टाळ्या वाजवते, पळते, भेळवाल्याकडे नाचते. एवढी मजा करून आणावी तर परतीच्या वाटेवर हे असं.

८ जुलै

रोज तेच. संध्याकाळ झाली की अंगात आल्यासारखं करते. आज दूध निळ्या कपात हवं होतं, निळ्या कपात दिलं तर कप फेकला.

एक गोष्ट लक्षात आली. रडण्याआधी बराच वेळ कान चोळते आणि एकाच जागी टक लावून बघते. कान दुखत असणार. तेल कोमट करून दोन थेंब घातले. तेलानंतर जास्तच ओरडली.

११ जुलै

कान नाही. डॉक्टरांनी बॅटरी लावून बघितलं, म्हणाले कान उत्तम आहेत, आजोबा, तुम्ही तेल घालू नका. मग दाढा येत असतील. नाहीतर जंत. जंताचं औषध आणलं.

शेजारची बायजा म्हणते दृष्ट लागली. बायजा आमच्या भिंतीला भिंत लागून राहते, सगुणाची मैत्रीण. सगुणा म्हणजे माझी बायको. बायजाने मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकल्या. तडतडल्या.

"बघा दादा, केवढी होती ती," बायजा म्हणाली. "गाडीवरच्या लोकांची लागली असल. नका नेऊ तिला तिथं रोज."

"घरात बसून काय करू, भिंती मोजू?"

पुतळी मोहऱ्यांचा आवाज ऐकून हसली आणि लगेच रडायला लागली, कारण तडतड थांबली होती.

१३ जुलै

आज स्टेशनवर जाण्याआधीच, पायरीवर बसल्या बसल्या, तिची मान पडली. उजेड जायला आला होता. मी तिला उठवून उभी केली. दिवेलागणीला झोपू नये. घरात लक्ष्मी यायची वेळ, तेव्हा आडवं पडलेलं माणूस म्हणजे अवदसा. आमच्याकडे हे कडक होतं. मला नाइट शिफ्ट असली की दुपारभर झोपायचो, पण कातरवेळ झाली की सगुणा उठवायचीच. चहाचा कप नाकाशी धरून म्हणायची, उठा, दिवा लावते. एक दिवस चुकली नाही.

पोरीला झोप आवरत नव्हती म्हणून तोंडावर पाणी मारलं. नाइटला डुलकी आली की आम्ही हेच करायचो. ती अशी दचकली की तिला रडायलाही सुचलं नाही. मग सुचलं.

सगुणाला जाऊन दोन वर्षं झाली. मी सेकंड शिफ्टला होतो. कातरवेळी जरा पाठ टेकते म्हणून आडवी झाली होती म्हणे. बायजाला आमच्या घरात दिवा दिसला नाही, म्हणून तिने डोकावलं. मला कंपनीच्या गेटवर निरोप आला.

ते असो. जंताच्या औषधाने काही फरक नाही.

१६ जुलै

डोकं लढवलं. दुपारी दोन-दोन तास झोपते म्हणून रात्री त्रास देते. दुपारची झोप बंद केली की संध्याकाळी दमेल, गप्प जेवेल आणि झोपेल. साधा हिशोब आहे. आज दुपारभर जागवली. घोडा झालो, डबे वाजवले, बायजाच्या कोंबड्या दाखवल्या. माझी कंबर धरली, पण झोपू दिली नाही.

१७ जुलै

हिशोब चुकला. काल संध्याकाळी जे झालं ते लिहीत नाही. बायजाच्या घरातून माणसं बघायला आली होती एवढंच लिहितो.

बॉयलर बरा. त्याला काटा असतो. लाल रेघेकडे निघाला की कळतं, झडप उघडता येते. हिच्या काट्याचं तोंड कुठे आहे तेच सापडत नाही.

२० जुलै

चंद्राचा फोन आला. कोपऱ्यावरच्या बूथवाल्याकडे तिने आधी निरोप ठेवला होता, मी पुतळीला घेऊन जाऊन बसलो. मागे फवाऱ्याच्या यंत्राची घरघर ऐकू येत होती.

"त्रास देते का?" 

"नाय. शहाणी हाय."

"बाबा, खरं सांगा. बायजामावशी काय निराळंच सांगते."

बायजाला बूथवर जायला पैसे कुठून येतात कोण जाणे.

"यंदा ऑर्डर मोठी हाय," चंद्रा म्हणाली. "मला डोकं शांत पायजे. आखताना हात हलला तर देवाचा डोळा तिरळा व्हतो. तिची काळजी लागून ऱ्हायली तर मला नाय जमायचं. जगन म्हणतात रविवारी येऊन खांबला सोडतो."

"रविवारपर्यंत बघ," मी म्हटलं. "सुधारेल."

पुतळीने फोन घेतला, आई असं म्हणाली, आणि मग नुसती ऐकत राहिली. फोन ठेवल्यावरही तिला तो कानाला हवा होता. बूथवाल्याने दोन मिनिटं दिला. नंतर काय झालं ते बाजाराला माहीत आहे.

२४ जुलै

आज वाईट झालं. सगळं लिहितो.

स्टेशनवरून येताना भर बाजारात तिने हात सोडवून घेतला आणि लोळली. कारण मलाही माहीत नाही, तिलाही नसावं. मी आधी समजावलं, मग गोळी देतो म्हटलं, मग पोलिसाला देतो म्हटलं. जसजसा बोललो तसतशी वाढली. पन्नास एक माणसं जमली. दुकानाच्या पायरीवरून एक बाई म्हणाली, "पोर याची हाय का विचारा रे. ती तर याच्याकडं जायला मागत नाय." एकजण पुढे येऊन खरंच विचारायला लागला, काका, कोण तुमची ही?

माझं डोकं फिरलं. मी तिला एक चापट मारली.

ती एकदम गप्प झाली. रडणं थांबलं, म्हणजे बंदच पडलं. माझ्याकडे बघत राहिली. मग स्वतःच उठली आणि माझं बोट धरलं, कारण तिथे दुसरं कोणाचं धरणार? घरी येईपर्यंत सोडलं नाही. दारात मी कुलूप काढत होतो तर माझ्या पायाला डोकं लावून उभी होती आणि तिचे डोळे मिटत होते. मी म्हटलं, झोपायचं नाही, पुतळे, अजून झोपायचं नाही. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

मला हे जमत नाही. एवढंसं पोर आहे आणि मला जमत नाही. तिला खांबला जाऊ द्यावं.

२५ जुलै

बूथवरून हमरापूरला वाण्याच्या दुकानात निरोप ठेवला. रविवारची वाट बघत नाही, आज संध्याकाळच्या एस्टीने आणतो, चंद्राने पेणला रामवाडीच्या स्टँडवर यावं. पिशवी भरली. बायजाने तिला फराळाची पुडी दिली आणि पदराने तिचं नाक पुसलं.

२६ जुलै, हमरापूर

इथे सीताबाईंच्या ओट्यावर बसून लिहितो आहे. आत कारखाना, मागच्या बाजूला माती आणि रंगाचा वास.

काल गाडी नागोठण्यापर्यंत नीट आली. पुतळी खिडकीत उभी राहून म्हशी मोजत होती, एक, दोन, दोन, दोन. वडखळच्या अलीकडे ट्रकांची रांग लागली, गाडी जागच्या जागी थांबली. पाऊस होता, काचा बंद, आत अंधारून आलं. तिने कान चोळले. मग माझ्या छातीवर डोकं टाकलं आणि झोपली.

मी तिला हलवलं. उठ, गाडी बघ, ट्रक बघ. उठेना. बसायला सुद्धा धड जागा नव्हती, पाणी मारणार कुठलं? शेजारी नागोठण्याला चढलेली एक बाई होती, मांडीवर टोपली घेऊन. ती बघत होती.

"कशाला उठवताव पोरीला?"

"दिवेलागण झाली. आता झोपू नये."

"लक्ष्मी काय एस्टीनं येते व्हय?" ती म्हणाली. "आलीच तर उभी ऱ्हाईल बिचारी, जागा हाय कुठं? झोपू द्या तिला. दमलीय ती."

आजूबाजूचे हसले. मला हसू आलं नाही. पोरीचं तोंड उघडं होतं, हात खाली लोंबत होता. मी तिच्या नाकाखाली बोट धरलं. ऊब लागली. काढलं, पुन्हा धरलं. वडखळचा नाका सुटेपर्यंत आणि पुढे रामवाडीपर्यंत मी बोट धरून बसलो होतो. कंडक्टरने तिकीट मागितलं तर दुसऱ्या हाताने दिलं. बोट अवघडून गेलं, पण काढवेना. का काढवेना ते लिहिता येत नाही.

स्टँडवर चंद्रा छत्री घेऊन उभी होती. पोरीला खांद्यावर घेतली तरी ती उठली नाही, फक्त सुस्कारा टाकला.

"एवढी गाढ? मग त्रास कसला देते ही? रोज याच वेळेला झोपते का?"

"झोपायला बघते," मी म्हटलं. "मी उठवतो."

"उठवता?"

"दिवेलागणीला झोपू देतात का कुणी? तुझी आई..." स्टँडवर एवढी माणसं, मी आपला पत्र्याखाली उभा, पिशवी हातात.

चंद्राने पोरीचं डोकं पदराखाली घेतलं. मग म्हणाली, "बाबा, आई झोपली म्हणून गेली नाय. गेली म्हणून झोपल्यावानी दिसली. बायजामावशीनं मला तवाच सांगितलं. ती दुपारपासून छातीत दुखतंय म्हणत व्हती."

मला कुणी सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलं असेल, मी ऐकलं नसेल. त्या दिवसांतलं मला काहीच आठवत नाही, फक्त गेटवरचा वॉचमन आठवतो.

रात्रभर पोर झोपली. मध्ये एकदाही उठली नाही.

२७ जुलै, हमरापूर

सकाळी पुतळी उठली ती हसतच. गडी कामाला येण्याआधी सगळ्या गणपतींना नमस्कार करून आली.

मी चंद्राला आखताना बघितलं. पहिल्यांदाच इतक्या जवळून. सगळा गणपती रंगून झाला तरी डोळ्यांची जागा पांढरी असते. तोवर तो नुसता पुतळा. ती कुंचला उचलते, श्वास धरते आणि रेघ ओढते. सगुणाही सुईत दोरा ओवताना असाच श्वास धरायची.

दुपारी पुतळीला कुंचला हवा होता. मिळाला नाही. झालं, जमिनीवर लोळण. मी उठणार होतो, चंद्राने हातानेच थांबवलं. ती कुंचला पाण्यात ठेवून उठली, पोरीजवळ खाली बसली. समजावलं नाही, आमिष नाही, धाक नाही. नुसती बसली. पोरगी लांब सरकली तर जागची हलली नाही. थोड्या वेळाने पोरगी आपणच सरकत मांडीवर आली, तेव्हा पाठीवरून हात फिरवत राहिली, एकच शब्द पुन्हा पुन्हा, व्हय गो, व्हय गो, व्हय. तिथेच तिला झोप लागली.

"भूक नायतर झोप," चंद्रा म्हणाली. "दुसरं काय असतं एवढ्याशा जिवाला? डोळं मिटायला लागलं की ती आपल्या हातात असते. ती वेळ गेली की मग देवाच्याही हातात नसते."

म्हणजे काटा होता. कान चोळणं, टक लावून बघणं. मी रोज लॉगबुकात लिहीत होतो आणि तेल घालत होतो.

सीताबाई म्हणाल्या, जगन उद्या खांबला सोडून येईल. मारलं ते मी चंद्राला सांगितलं होतं, आता कुठल्या तोंडाने मागणार? जेवणं झाली, हात धुताना चंद्रा म्हणाली, "बाबा, न्यायची असल तर न्या. पण एक. संध्याकाळी ठेसनावर जायचं नाय. घरात ऱ्हायचं. तिला आधी जेवायला घाला, दिवा लावा आणि झोपू द्या. जमल का?"

जमेल म्हणालो.

२८ जुलै, रोहा

परत आलो. दुपारी पुतळी झोपली, मी झोपू दिली.

उजेड असतानाच भात आणि सुरमईचा तुकडा भरवला. मग दिवा. आमचं निरांजन कुठे आहे ते मला ठाऊक नव्हतं. दोन वर्षं घरात ट्यूबच लागते आहे. बायजाकडे गेलो.

"सगुणाचं निरांजन फडताळात वरती, पितळेच्या डब्यात," ती म्हणाली. "वाती पण हाईत. तिनं करून ठेवलेल्या." तेल तिने दिलं.

वाती कापसाच्या, पिवळ्या पडलेल्या, एकसारख्या वळलेल्या. एक लावली. काडी वातीवर नेमकी जाईना, जगनसारखा मीही फवाराच मारण्याच्या लायकीचा.

पुतळीने कान चोळले. मी तिला चटईवर घेतलं, थोपटलं, व्हय गो म्हटलं. ती दिव्याकडे बघत बघत झोपली. मग मी आणि ते घर. दारातून स्टेशनची शिट्टी ऐकू आली. उठून बाहेर जावं, असं दोनदा झालं, पण पोरीला एकटी कशी टाकणार? मी तिच्या नाकाखाली बोट धरून बसून राहिलो. बाहेर पूर्ण काळोख झाला तेव्हा माझ्या लक्षात आलं की वेळ टळली.

घर इतकं शांत असतं हे मी विसरलो होतो. शांततेला मी भीत होतो की काय कोण जाणे. पोरीला जागी ठेवत होतो ते लक्ष्मीसाठी नव्हे, हे आज कळलं. ती झोपली की मी एकटा राहतो.

२ ऑगस्ट

चार दिवस संध्याकाळी रडली नाही. सकाळी एकदा रडली, ते मी तिची चप्पल उलटी घातली म्हणून. माझीच चूक.

बोट थोडा वेळच धरतो. मग तांदूळ निवडतो.

८ ऑगस्ट

नागपंचमी. बायजाकडे हळदीच्या पानात उकडलेले पातोळे झाले. पुतळीने पान चाटून पुसून घेतलं. संध्याकाळी वेळेवर झोपली. बायजा दारात येऊन बसली. आम्ही दोघं हळू आवाजात बोलत होतो. सगुणा शेवटच्या दिवशी काय बोलली ते मी विचारलं. दोन वर्षांत कधी विचारलं नव्हतं.

"म्हणाली, त्यांना आज रात्री भाकरी नाय, भातच टाकते, तांदूळ काढून ठेवलेत," बायजा म्हणाली. "मग म्हणाली, जरा पडते."

मी तोंड फिरवलं आणि खूप रडलो. आवाज केला नाही, पोर उठली असती.

१५ ऑगस्ट

स्वातंत्र्याला पन्नास वर्षं झाली म्हणून गावात मिरवणूक, लेझीम, लाऊडस्पीकर. सकाळपासून हिला खांद्यावर घेऊन फिरलो, दुपारची झोप हुकली. मोह मलाच आवरला नाही. झेंडा मिळाला म्हणून खुश होती, तोच झेंडा फाटला म्हणून ती बाजारात लोळली. त्याच दुकानासमोर.

माणसं जमली. मी तिच्याजवळ रस्त्यावर बसलो. धोतराला चिखल लागला. काही बोललो नाही. ती पाय आपटत होती, तिचा एक पाय माझ्या गुडघ्यावर बसला, बसू दिला. कुणीतरी म्हणालं, उचला हो काका. मी म्हटलं, दमली आहे, होईल. खूप वेळ गेल्यासारखा वाटला. मग ती आपणच सरकली. व्हय गो, व्हय. खांद्यावर घेऊन उजेडातच घरी आणली.

पायरीवरच्या त्या बाईने आम्ही निघताना पुतळीचा रस्त्यात पडलेला झेंडा आणून माझ्या खिशात खोचला.

३१ ऑगस्ट

आज तिने बाहुलीला निजवलं. तिच्या नाकाखाली बोट धरून बसली होती.

मी दारातून बघत राहिलो. मला वाटत होतं ती तेव्हा झोपलेली असते.

३ सप्टेंबर

शेवटची गाडी मूर्ती घेऊन गेली, हंगाम संपला. चंद्रा दुपारी आली. हाताला अजून काळा रंग होता, नखांच्या कडेला. घरच्यासाठी एक छोटा गणपती घेऊन आली, डोळे तिनेच आखलेले.

"यंदा एकपण डोळा तिरळा नाय झाला," ती म्हणाली. पुढच्या जुलैत परत आणते म्हणाली. खांबचं नाव काढलं नाही.

पुतळी निघताना मजेत होती. गाडीत बसायचं म्हणून. एस्टी हलली तेव्हा तिने खिडकीतून हात केला, आणि मग समोर ट्रक दिसला म्हणून तिकडे बघायला लागली. असंच हवं.

घरी येऊन तिचा निळा कप धुतला. आता उजेड जाईल. लिहून झालं की दिवा लावतो.

४ सप्टेंबर

काल दिवा लावला. तिच्या चटईवर बसलो. स्टेशनवर जावंसं वाटलं नाही, पण बसून तरी काय करणार? निवडायला तांदूळही नव्हते. जरा पाठ टेकावी म्हणून आडवा झालो. दार उघडंच होतं. शिट्टी ऐकली एवढं आठवतं.

जाग आली तेव्हा उजाडलं होतं. अंगावर बायजाची गोधडी होती, दार ओढून घेतलेलं. मला इतकी झोप कधी लागली होती ते आठवत नाही.

दूध घ्यायला बाहेर आलो तर बायजा अंगण झाडत होती. म्हटलं, "दिवेलागणीला झोपलो मी, उठवायचं नाही का गो?"

"दिवा दिसत होता की," ती म्हणाली. "मग कशाला उठवू?"

मी म्हटलं, बरं केलंस. आणि तिची गोधडी परत द्यायला आत आलो.